जाड्या-रड्यांचे लघुपट पाहण्याची रीत

लॉरेल आणि हार्डी यांचा एखादा लघुपट मोबाइलवर लावायचा आणि तिसऱ्या मिनिटाला 'फार संथ आहे' म्हणून बंद करायचा, असे करणारी माणसे मला वरचेवर भेटतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. हे लघुपट संथ आहेतच. १९२७ साली ही जोडी जमली तेव्हा अमेरिकेतल्या विनोदी मूकपटांत धावपळ, पाठलाग आणि आपटाआपटी यांचा असा धडाका असे की एक माणूस पडून उठायच्या आत दुसरा पडलेला असे. हॅल रोच यांच्या कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत ही जोडी बसवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या लिओ मॅकॅरी यांनी, आणि त्यांच्याबरोबर स्वतः स्टॅन लॉरेल यांनी, जाणूनबुजून उलटी वाट धरली. माणूस पडेल, पण तो पडणार हे प्रेक्षकाला आधीच कळेल. पडल्यावर तो काही वेळ तसाच बसून राहील. आणि मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, पाहील. गंमत पडण्यात थोडी आणि या थांबण्यात जास्त आहे. एवढे ध्यानात ठेवून पाहिले तर शंभरीला टेकलेले हे लघुपट आजही पोट दुखेपर्यंत हसवतात. ते विसरून पाहिले तर वीस मिनिटे काढणे जड जाते. म्हणून ते कसे पाहावेत, कोणत्या क्रमाने पाहावेत आणि पाहताना नजर कुठे ठेवावी, हे सविस्तर सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीत या जोडीला 'जाड्या-रड्या' म्हणण्याची जुनी चाल आहे, आणि ज्या कोणी हे नाव पहिल्यांदा उच्चारले असेल त्याची नजर तयार होती यात शंका नाही. जाड्याच्या जोडीला सहज सुचणारा शब्द 'लुकड्या' हा होता. पण नाव ठेवणाऱ्याने दुसऱ्याचे अंग पाहिले नाही, वागणे पाहिले. डोक्यावरची टोपी काढून, ताठ उभे राहिलेले केस मुठीत धरून, चेहऱ्याचा चोळामोळा करत रडणारा तो रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल. जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी, लाडाने ओली. या लेखात मीही पडद्यावरच्या पात्रांना स्टॅन आणि ओली असेच म्हणणार आहे.

प्रत निवडताना

पाहण्याआधीची तयारी बहुतेक लोक करत नाहीत, आणि अर्धा विचका तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे रंगवलेली प्रत घेऊ नये. १९८० च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने यांतले काही चित्रपट रंगीत करण्यात आले. त्या रंगांत चेहरे मेणासारखे दिसतात, आणि स्टॅनचा पांढराफटक, कोरा चेहरा, जो त्याने मुद्दाम तसा रंगवून घेतलेला असे, तो नाहीसा होतो. दुसरी गोष्ट चौकटीची. हे लघुपट जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी चित्रित झालेले आहेत, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर ते पाहताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. त्या पट्ट्या खटकतात म्हणून घरातले कोणीतरी चित्र ताणून पडदा भरून टाकते. तसे केले की ओली आहे त्याहून दीडपट रुंद होतो, आणि रड्याही जाड्या होऊन बसतो. मग जोडी कसली आणि तिच्यातला फरक कसला!

तिसरी गोष्ट वेगाची, आणि ती मूकपटांपुरतीच लागू आहे. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा वेग पक्का ठरलेला नव्हता. सेकंदाला २४ चौकटी हा वेग बोलपटांबरोबर स्थिरावला. त्याहून कमी वेगाने टिपलेली फीत आजच्या वेगाने चालवली की माणसे मुंग्यांसारखी तुरुतुरु पळू लागतात, आणि 'जुने चित्रपट असेच असतात' असा आपला समज होतो. तपासायची सोपी खूण सांगतो: ओलीची चाल पाहावी. तो वजनदार आहे, पण चालतो मोठ्या रुबाबात, एखाद्या संस्थानिकाने बागेत फेरफटका मारावा तसा. तो लगबगीने चालताना दिसला तर प्रत वेगवान आहे असे समजावे आणि दुसरी शोधावी. शेवटी लांबी पाहून घ्यावी. बहुतेक लघुपट दोन रिळांचे, म्हणजे साधारण वीस मिनिटांचे आहेत. आठ-नऊ मिनिटांत संपणारी प्रत ही कापलेली आहे, आणि कापणाऱ्याने बहुधा नेमके थांबण्याचे क्षणच कापलेले असतात. अमेरिकेतल्या चित्रपट-संग्रहालयांनी मूळ फितींवरून केलेल्या दुरुस्त प्रती आता डिस्कवर मिळतात. २०२० साली निघालेल्या संचात तर चित्र इतके स्वच्छ आहे की ओलीच्या कोटावरची धूळसुद्धा मोजता यावी.

एकट्याने पाहू नये

मराठी रंगभूमीवर विनोदी भूमिका करणाऱ्या नटाला पहिल्यांदा शिकवतात ते हे की हशावर वाक्य टाकू नये. हशा चढू द्यावा, ओसरू द्यावा, आणि तो ओसरता ओसरता पुढचे वाक्य घ्यावे. नटाला हे साधते कारण प्रेक्षक समोर असतो. चित्रपटाला ते साधत नाही, कारण फीत एकदा कापली की ती कोणासाठी थांबत नाही. रोच यांच्या स्टुडिओने यावर काढलेला तोडगा असा होता: लघुपट तयार झाला की तो आधी एखाद्या चित्रपटगृहात साध्या प्रेक्षकांना दाखवायचा, कुठे किती वेळ हसू येते याचा अंदाज घ्यायचा, आणि त्या हिशेबाने फीत पुन्हा जुळवायची. स्टॅन लॉरेल या जुळवणीत स्वतः बसत. म्हणजे ओली जेव्हा चिखलातून तोंड वर काढून आपल्याकडे चार-पाच सेकंद नुसता पाहत राहतो, तेव्हा ती जागा भरलेल्या थिएटरमधल्या हशासाठी मोजून सोडलेली असते. रात्री अकरा वाजता कानात इअरफोन घालून एकट्याने पाहणाऱ्याला तीच जागा रिकामी वाटते, आणि तो म्हणतो, संथ आहे.

म्हणून पहिला उपाय माणसे जमवण्याचा. चार जण पुरतात, त्यांत एक लहान मूल आणि एक वयस्क माणूस असेल तर उत्तम. दुसरा उपाय म्हणजे रिमोट दूर ठेवणे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने पहिल्या दिवशी दहा मिनिटांत तीनदा "मामा, पुढे ढकल ना" म्हटले होते. चौथ्यांदा मी रिमोट कपाटावर ठेवला. त्यानंतर काय झाले ते पुढे येईलच.

पहिला कोणता पाहावा

सुरुवात १९३२ च्या 'द म्युझिक बॉक्स' पासून करावी. जेम्स पॅरट यांनी दिग्दर्शित केलेला हा तीन रिळांचा, अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा बोलपट आहे, आणि विनोदी लघुपटासाठीचे ऑस्कर पहिल्यांदा दिले गेले ते यालाच. गोष्ट एका ओळीत मावते: एका खोक्यात भरलेला पियानो एका लांबलचक जिन्यावरून वरच्या घरापर्यंत पोचवायचा आहे. तो जिना लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात आजही आहे, त्याला १३३ पायऱ्या आहेत, आणि आपल्याकडे एखाद्या गडाच्या पायऱ्या मोजाव्यात तशा त्या मोजत लोक चढतात. याच जिन्यावर १९२७ साली या दोघांनी कपडे धुण्याचे यंत्र वर नेण्याचा एक मूकपट केला होता. 'हॅट्स ऑफ' हे त्याचे नाव, पण त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

हा लघुपट पाहताना घटना मोजू नयेत, कारण त्या मोजक्याच आहेत: खोके वर जाते, खोके खाली येते. पाहायचे आहे ते खोके सुटण्याआधीचे. पायऱ्यांवरून बाळाची गाडी घेऊन एक दाई खाली येते, तिला वाट देण्यासाठी हे दोघे खोके बाजूला सारतात, आणि त्याच क्षणी आपल्या मनात, त्यांच्या आधी, धडधड सुरू होते. खोके निसटते, आणि पियानोच्या तारांचा झणझणाट करत पायरीन् पायरी उतरत जाते. पुढच्या खेपेला वरून एक प्राध्यापक येतात. बिली गिल्बर्ट या नटाने रंगवलेले हे गृहस्थ आपल्या नावापुढच्या सगळ्या पदव्यांची यादी ऐकवतात आणि खोके बाजूला घ्या म्हणून थयथयाट करतात. त्यांची उंच टोपी जिन्यावरून गडगडत खाली जाते, रस्त्यावर पोचते, आणि तिच्यावरून ट्रक जातो. टोपी गडगडत असताना कॅमेरा घाई करत नाही. आपण तिच्याबरोबर सगळा जिना उतरतो.

आणि मग या लघुपटाचा कळस. एकदाचे दोघे वर पोचतात, घामाघूम होऊन खोक्याला टेकतात, तेव्हा ज्याने खाली पत्ता सांगितला होता तोच पोस्टमन येऊन म्हणतो की एवढा खटाटोप कशासाठी केलात, पलीकडून वर येणारा रस्ता आहे की, घोडागाडी थेट दारात आली असती. दोघे एकमेकांकडे पाहतात. चूक कळल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरतो. आणि मग ते खोके उचलतात, तो सगळा जिना उतरून खाली नेतात, गाडीवर चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. इथे लहान मुले लगेच हसत नाहीत. माझी भाची चार-पाच सेकंद पडद्याकडे एकटक पाहत राहिली आणि मग ओरडली, "पण मामा, ते तर वर पोचलेच होते ना!" या चार-पाच सेकंदांत तिने जे केले तेच या लघुपटांत प्रेक्षकाने करायचे असते. त्यानंतर तिने रिमोट मागितला नाही.

पुढे घरात शिरल्यावर एक छोटी गोष्ट चुकवू नये. पियानो कळीवर आपोआप वाजणारा आहे. तो सुरू होतो, आणि पसारा आवरता आवरता दोघांचे पाय तालावर पडू लागतात. इतका वेळ धडपडणारी ही माणसे नाचतात मात्र अतिशय नाजूकपणे, विशेषतः ओली. एवढ्या देहात एवढा हलकेपणा कुठून येतो ते कळत नाही.

दुसऱ्यांदा मूकपट

दुसऱ्या बैठकीला १९२९ चा 'बिग बिझनेस' घ्यावा. तो मूकपट आहे, पण त्यातल्या इंग्रजी पाट्या थोड्या आणि सोप्या असल्याने कोणालाही अडचण येत नाही. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात हे दोघे घरोघर नाताळची झाडे विकत फिरतात. जेम्स फिनलेसन या टकल्या, मिशाळ स्कॉटिश नटाच्या दारात ते जातात, तो नको म्हणून दार लावतो, झाडाची फांदी दारात अडकते, पुन्हा घंटा, पुन्हा दार, आता कोटाचे टोक अडकते, पुन्हा घंटा. तो संतापून कात्री आणतो आणि झाड कापतो. इथून पुढे पंधरा मिनिटांत त्याचे घर आणि यांची मोटार यांपैकी काही शिल्लक राहत नाही.

या प्रकाराला मी फिटंफाटीचा विनोद म्हणतो, आणि तो पाहताना एका नियमाकडे लक्ष द्यावे: एक जण मोडतोड करत असताना दुसरा अडवत नाही. तो उभा राहून पाहतो, पहिल्याचे काम पुरे होऊ देतो, झालेल्या नुकसानीचा नीट अंदाज घेतो, आणि मग शांतपणे आपली पाळी घेतो. मारामारीत सहसा नसते ती ही सभ्यता आहे, आणि सारे हसू तिच्यातून येते. स्टॅन घरातल्या फुलदाण्या खिडकीतून बाहेर फेकतो आणि ओली हातातल्या फावड्याने त्या एकेक करून टोलवतो, तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर राग उरलेलाच नसतो. काम व्यवस्थित चालल्याचे समाधान असते. दरम्यान एक पोलीस गाडीत बसून घडणारी प्रत्येक गोष्ट वहीत टिपून घेतो. तो हस्तक्षेप करत नाही, कारण त्याची नोंद अजून पुरी व्हायची आहे. सरकारी कचेरीत कधी बसलेल्या माणसाला हा पोलीस परका वाटणार नाही.

या लघुपटाचे छायाचित्रण जॉर्ज स्टीव्हन्स यांचे आहे, जे पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले आणि ज्यांनी दोनदा ऑस्कर मिळवले. म्हणजे ही कामे हलक्या हाताने केलेली नव्हती. 'टू टार्स' हा १९२८ चा मूकपट याच जातीचा, फक्त तिथे रस्त्यावर खोळंबलेल्या मोटारींची रांगच्या रांग एकमेकांचे पत्रे उचकटू लागते. तो त्याच बैठकीत जोडीला लावावा. मात्र तिसरा फिटंफाटीचा लघुपट त्याच दिवशी पाहू नये, नाहीतर जेवणात दोनदा श्रीखंड वाढल्यासारखे होते.

नजर कुठे ठेवावी

तिसऱ्या बैठकीपासून घटनांची सवय झालेली असते, आणि मग माणसांकडे पाहता येते. इथे बहुतेकांची एक चूक होते: गडबड जो करतो त्याच्याकडे, म्हणजे स्टॅनकडे, ते पाहत राहतात. स्टॅन गडबड करत असताना ओलीकडे पाहावे. स्टॅनने शिडी उचलली की ओलीचा चेहरा आधी सावध होतो, मग सहनशील, मग काही होत नाही असे दिसल्यावर किंचित आशावादी. आणि नेमक्या त्या आशेच्या क्षणी शिडी लागते. त्यानंतर तो आपल्याकडे पाहतो. ती नजर मदत मागत नाही. 'पाहिलेत ना, मला कोणाबरोबर दिवस काढावे लागतात ते' एवढेच ती म्हणते, आणि प्रेक्षकाला साक्षीदार करून घेते.

उलट ओली बोलत असताना स्टॅनकडे पाहावे. कोणतीही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ती पोचतानाचा प्रवास त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. १९३२ च्या 'टोड इन अ होल' मध्ये हे दोघे गाडीवर मासे विकत असतात. स्टॅनला एक कल्पना सुचते: मासे विकत घेण्यापेक्षा आपणच होडी घेऊन पकडले तर सगळा नफा आपला. पहिल्यांदा तो हे अगदी मुद्देसूद सांगतो. ओलीला ते पटते, तो म्हणतो पुन्हा सांग. आणि दुसऱ्यांदा सांगताना मासे, पैसे आणि गिऱ्हाइके यांचा असा गुंता होतो की काही बोलता सोय नाही. तरीही ओली समजल्यासारखी मान हलवतो. जोडीतला फरक इथे दिसतो. स्टॅन हा मूर्ख आहे आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. ओलीही तितकाच मूर्ख आहे, पण आपण शहाणे आहोत या समजुतीत तो वावरतो. दारावरची घंटा वाजवतानाही तो बोट हवेत गिरकी घेऊन मग टेकवतो, अनोळखी बाईशी बोलताना टायचे टोक बोटांनी हलवत लाजतो, आणि सोबत्याची ओळख 'माझे मित्र श्री. लॉरेल' अशी अदबीने करून देतो. फजिती व्हायची तर आधी इभ्रत असावी लागते. ती सगळी ओलीजवळ आहे.

पडद्यामागे चित्र नेमके उलट होते, आणि ते माहीत असले की पाहण्याची मजा वाढते. स्टॅन लॉरेल यांचे मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन; १८९० साली इंग्लंडमधल्या अल्व्हर्स्टन या गावी त्यांचा जन्म झाला, वडील नाट्यगृहे चालवत, आणि १९१० साली फ्रेड कार्नो यांच्या नाटकमंडळीबरोबर ते अमेरिकेला आले तेव्हा त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन मुख्य नट आणि हे त्यांचे बदली नट होते. विनोदाच्या जागा रचणे, दिग्दर्शकाच्या शेजारी उभे राहणे, फीत जुळवताना बसणे ही सारी कामे लॉरेल करत, आणि त्यांना मानधनही हार्डींपेक्षा जास्त मिळे. हार्डी १८९२ साली जॉर्जिया राज्यातल्या हार्लेम या गावी जन्मले, गळा गोड होता, तरुणपणी मिलेजव्हिल या गावात ते एक चित्रपटगृह चालवत, आणि पडद्यावरची विनोदी कामे रोज पाहून 'हे तर मीही करीन' असे वाटल्याने या धंद्यात आले. चित्रीकरण संपले की ते गोल्फ खेळायला जात. लॉरेलना जास्त पैसे मिळतात याची त्यांनी तक्रार केली नाही. पडद्यावर सतत हुकूम सोडणारा जाड्या आणि ते चुकीचे पाळणारा रड्या यांच्यात खरा सूत्रधार रड्या होता, हे आठवून 'टोड इन अ होल' मधला तो कल्पना सांगण्याचा प्रसंग पुन्हा पाहावा.

कान कुठे ठेवावेत हेही सांगायला हवे. १९२९ च्या मेमध्ये त्यांचा पहिला बोलपट आला, आणि आवाज आल्यावर मूकपटांतले कित्येक विनोदवीर अडखळले. या जोडीला मात्र आवाजाने एक नवे हत्यार दिले. ओली दाराबाहेर जातो, आणि आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो: धडाड, मग काच, मग काहीतरी घरंगळणारे, मग क्षणभर शांतता, आणि शेवटी एकच डबा. कॅमेरा स्टॅनच्या चेहऱ्यावर असतो. पडणे न दाखवता पडण्यावर हसवण्याची ही युक्ती लक्षात आली की प्रत्येक बोलपटात तिची वाट पाहावीशी वाटते. संवाद कळले नाहीत तरी फारसे अडत नाही. भाषांतराची सोय नव्हती त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत या दोघांनी आपले काही लघुपट स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन भाषांत पुन्हा चित्रित केले होते. या भाषा येत नसल्याने ते उच्चारांप्रमाणे लिहून घेतलेली वाक्ये वाचत, आणि ते लघुपटही चालले.

मुलांबरोबर पाहताना

घरातल्या ज्येष्ठांसाठी किंवा मुलांसाठी मराठीत सांगत बसण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती आवरावी. पाटी आली तर ती एकदाच, थोडक्यात वाचून दाखवावी. पुढे काय होणार ते सांगू नये, कारण पुढे काय होणार ते चित्रच सांगत असते.

काही गोष्टींबद्दल मात्र मोकळेपणाने बोलावे लागते. या लघुपटांतल्या बायका बहुधा कजाग आहेत, हातात लाटण्याच्या जातीचे काहीतरी असलेल्या, आणि नवरे त्यांना चुकवून पळणारे. आपल्या जुन्या फार्सांतही हे होते, म्हणून ते ओळखीचे वाटते, पण वारंवार पाहिले की कंटाळा येतो. गौरेतर माणसांची त्या काळच्या अमेरिकेत सर्रास होणारी थट्टाही इथे-तिथे येते. मी असा प्रसंग आला की चित्र थांबवून दोन वाक्ये बोलतो आणि पुढे जातो. मुलांना वाटते त्यापेक्षा लवकर समजते. लहानांसाठी सर्वांत निर्धोक लघुपट १९३० चा 'ब्रॅट्स': यात या दोघांनी स्वतःच्याच खोडकर मुलांच्याही भूमिका केल्या आहेत, आणि त्यासाठी खुर्च्या, पलंग, न्हाणीघराचे टब असे सगळे अवाढव्य आकारात बांधून घेतले होते. मुलांना त्या मोठ्या खुर्चीवर चढणारा ओली फार आवडतो.

सोसायटीच्या सभागृहात गणपतीच्या दिवसांत वगैरे कार्यक्रम करायचा असेल तर तीन लघुपटांवर जाऊ नये. एक मूकपट, दोन बोलपट, मध्ये चहा. मी पहिल्यांदा केलेला कार्यक्रम फसला होता, आणि दोष माझाच होता: मोठा चित्रपट लावला की जास्त मजा येईल असे समजून मी त्यांचा १९४० नंतरचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट आणला. रोच यांचा स्टुडिओ सोडल्यानंतरच्या त्या कामांत लॉरेलना पूर्वीसारखा अधिकार उरला नव्हता, आणि ते पडद्यावर दिसते. पाऊण तासात पुढच्या दोन रांगा सोडल्या तर खुर्च्या रिकाम्या झाल्या. मोठे पाहायचेच असतील तर १९३३ चा 'सन्स ऑफ द डेझर्ट' आणि १९३७ चा 'वे आउट वेस्ट' हे दोन पाहावेत, आणि तेही लघुपट पाहून झाल्यावर. सार्वजनिक कार्यक्रमासाठी प्रत घेताना ती कोणाकडची आहे याची चौकशी करावी, कारण मूळ लघुपट जुने असले तरी नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतींवर आणि त्यांना दिलेल्या संगीतावर वेगळे हक्क असू शकतात.

अशा कार्यक्रमात एखादे आजोबा हमखास दीक्षित-घोरींची आठवण काढतात. १९३० च्या दशकात मुंबईच्या रणजित मुव्हीटोनच्या बोलपटांतून गाजलेली ही जाड-बारीक जोडी 'भारतीय लॉरेल-हार्डी' म्हणूनच ओळखली जाई. त्या आजोबांना बोलू द्यावे. चहाची वेळ त्यासाठीच असते.

पुढचा क्रम

यानंतर १९३२ चा 'हेल्पमेट्स' घ्यावा. बायको गावाला गेलेली असताना ओलीने घरी मेजवानी दिलेली आहे, घराचा उकिरडा झालेला आहे, आणि बायको दुपारी परत येते असा निरोप येतो. तो स्टॅनला मदतीला बोलावतो. पुढे काय होते ते उघड आहे. घर शेवटी जळून जाते. पण शेवटचे दृश्य डोळ्यांत साठवून ठेवण्यासारखे आहे: छप्पर नाही, भिंती अर्ध्यामुर्ध्या, आणि त्या राखेत खुर्चीवर बसलेला ओली स्टॅनला सौजन्याने विनंती करतो की जाताना दार लावून घे, मला जरा एकटे राहायचे आहे. स्टॅन दार लावतो. पाऊस सुरू होतो. ओली हलत नाही.

त्यानंतर 'काउंटी हॉस्पिटल', ज्यात स्टॅन आजारी मित्राला उकडलेली अंडी आणि सुकामेवा घेऊन भेटायला येतो आणि स्वतःच निवांतपणे खात बसतो. 'बिझी बॉडीज', जो सुतारकारखान्यात घडतो आणि सुतारकाम केलेल्यांना जास्त हसवतो. आणि मग 'देम दार हिल्स' व 'टिट फॉर टॅट' हे १९३४-३५ चे दोन लघुपट, जे याच क्रमाने पाहावेत, कारण दुसऱ्यातले भांडण पहिल्यातून आलेले आहे. त्यांचे बत्तीस मूक आणि चाळीस बोलके लघुपट आहेत, तेव्हा आठवड्याला एक धरला तरी सव्वा वर्षाहून जास्त सोय होते.

'थिकर दॅन वॉटर' मात्र अगदी शेवटी ठेवावा. १९३५ चा हा त्यांचा अखेरचा लघुपट. एका तिकिटात दोन मोठे चित्रपट दाखवण्याची पद्धत अमेरिकेत रुळली आणि चित्रपटगृहांच्या कार्यक्रमातून लघुपटांची जागा आटत गेली, तेव्हा रोच यांनी या जोडीचे लघुपट थांबवले. त्याच्या शेवटी ओली इस्पितळात असतो, त्याला स्टॅनचे रक्त देतात, यंत्रात काहीतरी बिघडते आणि दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते. दोघे बाहेर येतात तेव्हा स्टॅन ओली झालेला असतो आणि ओली स्टॅन. हा लघुपट सर्वांत आधी पाहणाऱ्याला तिथे दोन माणसांनी कपडे बदलल्याची गंमत वाटते. पण वर सांगितल्या क्रमाने जो आला असेल, त्याने लॉरेलच्या बोटांची ती हवेतली गिरकी आणि हार्डीच्या चेहऱ्यावर उशिरा पोचणारे ते रडू पाहावे, आणि कोण कोणाची नक्कल करतो आहे हे ओळखायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजावे.